एक लाख आठशे एक

आमची सून देवश्री शाळेत गणित शिकवते, म्हणून तिनं सासूच्या लाखवातीचीही गिनती करावी? सोमवारी माझ्या मुलाचं, अनयचं, हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी क्षिप्रेच्या घाटावर लावायच्या म्हणून मी वाती वळल्या. एक लाख, आणि खराब निघाल्या तर असाव्यात म्हणून वर आठशे.

चार दिवस मोजून, शंभराच्या जुड्या बांधून बाई म्हणाली, “आई, एक लाख आठशे एक आहेत. दोनपासून दहापर्यंत कितीच्याही जुड्या बांधा, दरवेळी एक उरणारच. ती काढली की सगळं बराबर.”

“घ्या मास्तरीणबाई, झालं बराबर,” म्हणत मी एक वात उचलून निरांजनावर जाळली. आतल्या खोलीत अनय छाती धरून कण्हला.

तिनं जुड्या पुन्हा मोजल्या. एक लाख आठशे एक.

मी दुसरी जाळली. अनय ओरडला. मग डबे कपाटात घालून किल्ली मी कमरेला खोचली. आज डबे उघडून जुड्या मोजल्या, तरी वाती तेवढ्याच.

देवश्रीनं तिसरी वात ज्योतीजवळ नेली. ती पेटायच्या आधीच आतून अनयची किंकाळी आली. मी सुनेचं मनगट पकडलं.

“ठेव ती खाली. तुझी गिनती पक्की आहे गं, पण दरवेळी उरतोय तो आपला अनय आहे.”