नोंदवलेला नंबर

१४ मार्च २०२५, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. मुदत संपायला पंचवीस मिनिटे. दिवंगत निमिषची शेवटची खूण, संकेतस्थळांवर मराठी तारखा दाखवणारे छोटे जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, अधिकृत संग्रहातून हटणार होते. त्यातली सुरक्षेची त्रुटी निमिषला कळवूनही उत्तर आले नाही, अशी सूचना संग्रहचालकांनी प्लगइनच्या पानावर लावली होती. सांगलीत त्याच्या वडिलांनी, विष्णुपंतांनी, महिनाभर खपून मुलाची ती चूक निस्तरली. पण दुरुस्ती निमिषच्याच ईमेलवरून पाठवायची होती आणि ते उघडण्याचा ओटीपी निमिषच्या नंबरवर जात होता. तेराव्यानंतर ते सिम विष्णुपंतांनीच रीतसर बंद केले होते. त्यांनी ओटीपी मागवला आणि तो नंबर लावला. कंपनीने तो आता माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ बाईला दिला होता. “ताई, आत्ता आलेला आकडा सांगता? माझ्या वारलेल्या मुलाचं काम आहे.” “आवं, असंच मेलेल्या पोराचं सांगून एकानं माज्या जावंला लुबाडलंय. ठेवा फोन!” पुन्हा फोन लागला नाही. साडेदहाला प्लगइन हटले. पानावरची शेवटची नोंद, आजवरचे एकूण डाउनलोड: शून्य.