देवघरासमोर काय सांडलं

माझ्या सासूबाईंना फसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, असं आमच्या सर्वण गावात सगळे म्हणतात, आणि मला त्यांचा अभिमान आहे. आधार कार्डाची झेरॉक्स देताना त्या तिच्यावर आडवी रेघ मारून ती कशासाठी दिली ते लिहितात. तिन्हीसांजेला अंगणातून कुणी हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत.

"आवाजाचं काय गो, कोणाचाही काढता येतो," त्या म्हणतात.

म्हणून त्यांनी आम्हा दोघींत एक प्रश्न ठरवून ठेवला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवघरासमोर माझ्या हातून काय सांडलं, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

काल दुपारी मी त्यांच्या शेजारी नारळ खवत बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, मी सुलक्षा. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा."

आवाज माझा होता. मी गारठले. सासूबाई मात्र जराही हलल्या नाहीत. काय ती बाई!

"देवघरासमोर काय सांडलं होतंस?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मला वाटलं, आता फोन बंद होणार.

"सोलकढी," फोनमधली हसली. "तुम्ही पदरानं पुसलीत आणि कुणाला सांगितलं नाहीत."

अगदी तसंच झालं होतं.

सासूबाई उठल्या, फोन छातीशी धरून भिंतीपर्यंत मागे सरकल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मग तू कोण गो?"

"आई, मीच सुलक्षा," असं सांगायला मी तोंड उघडलं.

ते शब्द फोनमधून आले.