डावी बाजू

तवनाप्पांची जुनी मोटार उजव्या अंगाला कलायला लागली, तेव्हा भरमा मिस्त्री तिच्याखाली शिरला आणि हसतच बाहेर आला.

"आप्पा, खालचा सांगाडा चिरलाय. त्यो बी तुमच्याच बाजूला. सारी वर्सं एकटंच बसून हाकलीसा न्हवं?"

निपाणीत मोटार बाळगणारा माणूस आपल्याच भाराने ती मोडत होता, हे तवनाप्पांनी गिळलं. कोल्हापूरहून लोखंडी पट्टी येईपर्यंत शेजारी भार ठेवा, असं भरमाने बजावलं. गोणपाटात बांधलेलं तंबाखूचं बोद ठेवून पाहिलं, तर शिंकांनी हातातलं चाक सुटायची वेळ आली. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली. भर पेठेतून बायकोला शेजारी बसवून न्यायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

"बोदाच्या बदली मी व्हय?" बायाक्का म्हणाल्या. "लोक काय म्हनतील?"

"मोटार मोडंल गं. इलाज न्हाय."

तवंदीचा घाट चढेपर्यंत बायाक्का पदर धरून गप्प होत्या. उतरताना त्यांनी अर्ध्या गल्लीच्या नकला करून दाखवल्या. आपली बायको एवढी हसवते, हे तवनाप्पांना नातवंडं झाल्यावर कळत होतं. मग रोजच कुठे ना कुठे जायचं काम निघू लागलं.

दिवाळीच्या तोंडावर पट्टी आली. ती ठोकून भरमा ओरडला, "झालं, आप्पा! आता खुशाल एकटं फिरा!"

तवनाप्पांनी घाबरून माजघराकडे पाहिलं.

"हळू बोल की रं. आत कुणी इचारलंच, तर चीर हाय तशीच हाय म्हन."