चार्जर

आम्रपालीच्या वडिलांना, अण्णांना, खराडीच्या शिबिरात केंद्राच्या निधीतून कानाचं मशीन मिळालं. हार झाला, फोटो झाला, टाळ्याही झाल्या. अण्णांना त्या नुसत्या दिसल्या. कारण मशीनचा चार्जर राज्याच्या वाट्यातून यायचा होता आणि तो काही अजून आला नव्हता. बाहेर तसला मिळतही नव्हता.

"आला की फोन करू," टेबलामागचे साहेब म्हणाले. आम्रपालीने आपला नंबर पुढे केला, तर म्हणाले, "अहो ताई, लाभार्थ्याचाच लागतो."

तेव्हापासून अण्णा रोज मशीन डबीतून काढायचे, रुमालाने पुसायचे आणि परत ठेवून द्यायचे. उन्हाळा गेला, पावसाळाही सरला. शेवटी आम्रपाली सुट्टी टाकून शिबिर भरवणाऱ्या ऑफिसात जाऊन थडकली. टेबलामागे तेच साहेब होते.

"चार्जर केव्हाच आला होता, ताई," साहेब म्हणाले. "'लाभार्थी प्रतिसाद देत नाही' असा शेरा मारून परत पाठवला."

"प्रतिसाद देत नाही म्हणजे?"



"अहो, कितीदा फोन केले आम्ही! तुमचे वडील उचलायचे, नुसतं 'हॅलो, हॅलो' करायचे आणि ठेवून द्यायचे."