साहेबाच्या खुर्चीतला वारा

रश्मीबाई "अगदी अस्सल!" म्हणाल्या आणि नेमका तेव्हाच छताला टांगलेला, दोरीनं ओढायचा झालरीचा पंखा थांबला.

हिरालालनं आधी छताकडे, मग बाईंकडे पाहिलं. आमगावचा, इंग्रजांच्या राणीच्या काळचा हा रेल्वेसाहेबाचा बंगला त्यानं भातगिरणीच्या कमाईतून पुन्हा उभा केला होता. कौलं जुनी, खुर्च्या जुन्या, उंदीरसुद्धा बहुधा त्याच घराण्यातले. नवी फक्त एक चोरटी मोटर. ती माळ्यावर दडून पंखा हलवायची. जुनी दोरी अजून पंख्याला बांधलेली होती, पण मागच्या ओसरीत नुसती शोभेला लोंबायची. बंगल्याला वारसा-पाटी द्यायची की नाही, हे ठरवायला बाई पुण्याहून आल्या होत्या. बनवाबनवीचा वास त्यांना लांबून यायचा.

"लाईट गेली, सेठ," दारातून रखवालदार बिसराम म्हणाला. मे महिन्यात ही काही बातमी नव्हती.

बाईंनी चष्मा सावरला. "या पंख्याचा लाईटशी काय संबंध?"

"काहीच नाही!" हिरालाल जवळजवळ किंचाळला. "ओढणारा जेवायला गेला असेल. बिसराम, जा, दोरी ओढ."

"म्या नाही ओढत. माया आजा जिनगीभर ओढून मेला. साहेब घोरत राहे, आजा घामानं भिजत राहे."

संपलं. पाटी पुण्याला परत जाताना हिरालालला डोळ्यांसमोर दिसली.

पण बाईंचे डोळे लकाकले. "म्हणजे तुम्ही इथल्याच पंखेवाल्याचे नातू? थेट वारस?" त्यांनी ओढणी कमरेला बांधली. "मीच ओढते. अनुभव घेतल्याशिवाय मी अहवाल लिहीत नाही. तुम्ही बसा साहेबाच्या खुर्चीत. वारा पोचतो का, सांगा."

बिसरामनं फार आढेवेढे घेतले नाहीत. चपला काढल्या, खुर्चीत रेलला, साहेबासारखे पाय खुर्चीच्या लांब हातांवर टाकले. मागच्या ओसरीत बाईंनी दोरीला हिसका दिला. झालर फडफडली.

"पोचतोय का?"

"पोचून राहिला. पन जरा जोरानं, बाई. साहेबाले गरमी होऊन राहिली."

"हो, हो!" धापा टाकत बाई ओरडल्या. "काय वास्तू आहे! पाटी नक्की!"

हिरालालचा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठे त्याला शेजारच्या घरातला कूलर ऐकू आला. चांगला घरघरत होता. समोरची पिठाची चक्कीही चालू होती.

त्यानं बिसरामकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मिशीत हसू, आणि सदऱ्याच्या खिशातून डोकावणारा बंगल्याचा पांढरा फ्यूज.

हिरालालनं तो अलगद आत ढकलला आणि आपलीही खुर्ची पंख्याखाली सरकवली.