परत आलेला रुपया

“आधी तू बघ, मग घरात दाखवतो,” म्हणत पुंजारामनं रुमालाची गाठ सोडली.

सर्जेरावनं भिंग डोळ्याला लावलं आणि त्याचा श्वासच अडकला. औरंगजेबाच्या काळातला चांदीचा रुपया. त्यावर आपल्याच शहराच्या टांकसाळीचं जुनं फारसी नाव, ‘खुजिस्ता बुनियाद’, एकही अक्षर न तुटता पुरं उमटलेलं. असा रुपया मिळावा म्हणून त्यानं अर्धं आयुष्य बाजार पालथे घातले होते. आणि तो सापडला कुणाला, तर गेल्या दिवाळीपासून नाणी जमवायला लागलेल्या पुंजारामला.

दोघं चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात राबलेले आणि बरोबरच निवृत्त झालेले. पुंजारामला हा नाद लावला तो सर्जेरावनंच, आणि शिकवलंही त्यानंच. घाईनं घ्यायचं नाही. वजन केल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. दुकानदार कितीही गोड बोलला तरी पक्की पावती घ्यायची, आणि नाणं खोटं निघालं तर परत घेईन असं तिच्यावर लिहून घ्यायचं.

“कुणाकडून घेतला?”

“क्रांती चौकामागं नानासाहेबांचं नवं दुकान झालंय ना, तिथून. तुला विचारायला पाहिजे होतं, पण म्हणलं एकदा तरी आपल्या अकलेनं घ्यावं. कसा हाय?”

सर्जेरावनं रुपया बोटांत फिरवला. त्याला तो खाली ठेववेना.

“नकली हाय,” तो म्हणाला.

पुंजारामचा चेहरा पडला. “काय सांगतो!”

“साच्यात ओतलेला हाय. अक्षरं बघ कशी बसकी दिसतात.” अक्षरं मुळीच बसकी दिसत नव्हती. “आजच्या आज परत कर. उशीर केला तर तो तुला ओळखसुद्धा दाखवायचा नाय.”

पुंजारामनं मुकाट्यानं गाठ बांधली. “बरं झालं बाबा तुला दाखवला,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

उद्या सहज गेल्यासारखं दुकानात जायचं, असं सर्जेरावनं ठरवलं होतं. पण दिवेलागणीला नानासाहेबांचाच फोन आला.

“साहेब, खुजिस्ता बुनियादचा रुपया आलाय. सकाळी जालन्याचं गिऱ्हाईक येणारंय. पाहिजे असला तर आत्ताच या.”

सर्जेरावनं चहा अर्धा टाकून स्कूटर काढली. दुकानात त्याचं सगळं लक्ष दाराकडं. पुंजाराम एखादी गोष्ट विसरून परत आला तर? खिशातला छोटा वजनकाटा खिशातच राहिला. पावती त्यानं मागितली नाही, त्या दुकानात आपलं नाव राहायला नको होतं. सांगितला तो भाव देऊन तो बाहेर पडला.

घरी आल्यावर मात्र त्याला तो रुपया अल्बममध्ये लावता येईना. पुंजाराम येणार, पानं उलटणार. शेवटी एका जुन्या मोज्यात गुंडाळून त्यानं तो कपाटात मागं सरकवला. ज्याच्यासाठी मैत्रीला दगा दिला, ते नाणं दुसऱ्यांदा डोळे भरून बघायचाही त्याला धीर झाला नाही.

आणि पुंजाराम तर पहिल्यापेक्षा जास्तच जीव लावायला लागला. पावसाळ्यानंतर सर्जेरावचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात बाकावर बसून राहिला तो पुंजाराम. नंतर रोज येऊन डोळ्यात थेंब टाकायचा. येताना दौलताबादची सीताफळं आणायचा, आणि पैशाचं विचारलं की तोंड फिरवायचा.

“सख्खा भाऊ करणार नाही एवढं पुंजारामभावजी करतात,” सर्जेरावची बायको सुलेखा म्हणायची. सर्जेराव कूस बदलायचा.

एकदा त्यानं भीत भीत विचारलं, “नवीन काही नाणं घेतलं का?”

“सोडलं ते,” पुंजाराम खाली बघत म्हणाला. “आपल्यासारख्यानं त्याच्या वाटंला जाऊ नाय.”

ते सर्जेरावला सर्वांत जास्त लागलं. रुपया तर घेतलाच, वर गड्याचा आनंदही मारला. जेवताना घास फिरायला लागला.

डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितला त्याच दिवशी त्यानं मोजा उलटा केला. रुपया न बघताच मुठीत घेतला आणि तो मुकुंदवाडीत पुंजारामच्या घरी गेला. पुंजारामची बायको कडूबाई चहा ठेवून आत गेली, तसा त्यानं रुपया बशीशेजारी ठेवला.

“पुंजा, हा तुझा हाय. तो खरा होता. मला पाहिजे होता म्हणून मी तुला खोटं सांगितलं, आणि त्याच दिवशी जाऊन घेऊन आलो. आता तुला काय बोलायचं ते बोल.”

पुंजारामनं रुपयाला हात लावला नाही. त्याचे डोळे भरून आले. संपलं सगळं, सर्जेरावला वाटलं.

“तू खोटं नाय बोलला, सर्जेराव,” आत ऐकू जाऊ नये म्हणून पुंजाराम हळू आवाजात म्हणाला. “त्या दिवशी तू शिकवल्यासारखं मी नानासाहेबाला वजन करायला लावलं. लई कमी भरलं. पावती तर मी घेतलीच नव्हती. भांडलो, तर म्हणला, पैसे पाहिजे असतील तर दुसरं गिऱ्हाईक दे. तो रुपया बघताना तुझं तोंड कसं झालं होतं, ते मी बघितलं होतं ना. तुला फोन लावायला मीच सांगितलं त्याला.”