मंडपातली चार मिनिटं

"चमचा काढा आधी!" मी ओरडले.

ख्रिस्ती संमेलनाच्या मंडपात उपासना चालू असताना शेजारी बसलेल्या बाईंच्या बाळाला फिट आली होती. एकीने नाकाशी कांदा धरला, दुसरी दातांत चमचा घालत होती. मी मांडीवरची लेक सासूबाईंकडे दिली, बाळाला कुशीवर वळवलं आणि घड्याळ पाहू लागले. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा.

हे मला पाठ होतं. वर्षभरापासून माझ्या लेकीलाही फिट येतात. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मी प्रार्थनाही सोडली होती. इथे सासूबाईंनीच ओढून आणलं होतं.

तीन मिनिटं झाली. बाळाच्या मुठी सुटेनात. चौथ्या मिनिटाला बाळ रडलं.

"आमेन!" भोवतालच्या बायका म्हणाल्या. इतका वेळ मी मोठ्याने प्रार्थना करत होते, हे मला तेव्हा कळलं.

बाळाची आई कुजबुजली, "ताई, आता सगळ्यांनी पाहिलं. पोराला सैतान लागलाय म्हणतील."

माईकवरून पाळकसाहेबांनी विचारलं, "आता कुणाला साक्ष द्यायची आहे? देवाने तुमच्या घरात काय केलं, ते पुढे येऊन सांगा."

"अगं, कुठे निघालीस?" सासूबाई म्हणाल्या.

मी लेकीला कडेवर घेतलं आणि माईककडे चालू लागले.